उद्या या, बरं वाटलं तरी या

अक्का,

परवा तुझ्या इस्पितळात गेलो. कामावर परत रुजू झालो होतो, फार दिवस टाळता आलं नाही. कॅज्युअल्टीत तुझ्या जागी आता एक तरुण डॉक्टर बसतात. माझ्या गळ्यातला टाय आणि हातातली बॅग बघून त्यांनी मला ओळखलं. म्हणजे मी तुझा भाऊ हे नव्हे, माझा धंदा ओळखला. "या, बसा," म्हणाले आणि स्वतः उठून खुर्ची पुढे ओढली. मी बसलो. सोलापुरात औषधं विकायला लागल्यापासून त्या खोलीत मी पहिल्यांदा बसलो. तू कधी बसू दिलं नाहीस. "इथली खुर्ची आजारी माणसाची. तुला बसायचं तर संध्याकाळी घरी ये," असं सगळ्यांदेखत म्हणायचीस, आणि मी तोंड पाडून वळलो की मागून हळूच कन्नडात विचारायचीस, "ऊटा आयता?" जेवलास का. रांगेतल्या कुणाला कळू नये म्हणून कन्नड. निम्म्या रांगेला कन्नड येत होतं, हे तुझ्या कधी लक्षातच आलं नाही.

त्या डॉक्टरांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं. कॅप्सूलचं नाव पुन्हा विचारलं आणि "लिहितो की," म्हणाले. मनाने चांगला मुलगा आहे. मी बाहेर पडलो, सात रस्त्याच्या चौकापर्यंत चालत गेलो, चहा सांगितला आणि तो तसाच टेबलावर ठेवून निघालो. "लिहितो" हा एक शब्द तुझ्या तोंडून ऐकायला मी किती वर्षं घालवली. तो मिळाला, आणि माझ्याशी वाद घालायला समोर कुणी नव्हतं.

तुझ्या आजारपणातलं मला निम्मं आपल्या आईकडून, अव्वाकडून कळलं आणि निम्मं तुझ्याकडून. मी रांगत होतो आणि तू शाळकरी होतीस. घसा दुखला, ताप आला. अव्वाने हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, घसा बरा झाला. मग काही दिवसांनी गुडघा सुजला. गुडघा उतरला तर घोटा, घोटा उतरला तर कोपर. ज्वारीची काढणी चालली होती आणि तू ओसरीवर पडून होतीस. लेप लावले, तूही उठलीस, खेळायला लागलीस आणि सगळे विसरून गेले. पुढे शाळेच्या पायऱ्या चढताना तुला दम लागायला लागला, तेव्हा सोलापूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी तुझ्या छातीला नळी लावली आणि अप्पांना बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं. अप्पा तेलबियांचे व्यापारी, बोलणं रोखठोक. घरी येऊन म्हणाले, "हिचं लग्न काही जमायचं नाही. तर शिकू दे तिला." आपल्या घरातल्या पहिल्या डॉक्टरणीची सुरुवात अशी झाली. तू हे हसत हसत सांगायचीस. मला कधी हसू आलं नाही.

तू पुण्याला शिकत असताना एका सुट्टीत, अंगणात पोत्यावर बसून मला समजावून सांगितलंस. "शिवू, ते घशातून सुरू झालं. घशातले जंतू गेले, पण जाताना भांडण लावून गेले. माझंच अंग माझ्या सांध्यांवर उलटलं, मग हृदयाच्या झडपेवर. वेळेवर पेनिसिलिन मिळालं असतं तर बहुतेक घशातच मिटलं असतं."

"मग दिलं का नाही?" मी विचारलं.

"तेव्हा आपल्याकडं ते होतं कुठं? नावसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं." हे तू इतक्या शांतपणे म्हणालीस, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगत होतीस.

म्हणून मला नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं, एका औषधावाचून जिची झडप गेली ती डॉक्टर औषध लिहिताना कधी हात आखडता घेणार नाही. पहिल्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून मी थेट तुझ्याकडे आलो. पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. तू एका मुलाच्या कपाळाला टाके घालत होतीस, मान वर न करता ऐकत होतीस.

"कशावर चालतं म्हणालास?"

"सगळ्यावर. ताप, खोकला, घसा, जुलाब, लघवीची जळजळ."

"कशावर चालत नाही ते सांग."

कंपनीने ते शिकवलं नव्हतं.

"पडसं, फ्लू, गोवर, कांजिण्या, गालगुंड. यातल्या कशावरच चालत नाही. आणि दवाखान्यात येणारे निम्मे ताप यातलेच असतात. पुढच्या डॉक्टरांकडं जाशील तेव्हा हेही सांगत जा."

"हे सांगितलं तर नोकरी जाईल, अक्का."

"मग नको सांगू. पण मला तरी सगळ्यावर चालतं म्हणू नको."

आपला वाद त्या दिवशी सुरू झाला तो शेवटपर्यंत चालला. तुझ्या घरी भाकरी थापता थापता तू बोलायचीस आणि मी पाटावर बसून उत्तरं द्यायचो. मी म्हणायचो, तुझ्याकडून सुई मिळाली नाही की लोक समोरच्या बोळातल्या दवाखान्यात जाऊन टोचून घेतात, मग तुझ्या नाही म्हणण्याने झालं काय? तू म्हणायचीस, "तिथं काय होतं ते माझ्या हातात नाही. इथलं आहे." मी म्हणायचो, दिलं तर बिघडतं कुठं? त्यावर तू चिडायचीस. "टायफॉइडवर आपल्याकडं एक खात्रीचं औषध आहे. ते तुम्ही लोक सर्दीला विकता. रोज थोडंथोडं खाऊन जंतू त्याला सरावले, आणि उद्या खरा टायफॉइड घेऊन कुणी आला, तर त्याला काय देऊ मी?" मग मी म्हणायचो, भाकरी करपतेय. आणि ती खरंच करपत असायची.

पण तू कंजूष होतीस असं कुणी म्हणालं तर मी ते ऐकून घेणार नाही. मी दारात उभा राहून बघितलंय. गिरणीतला एक जॉबर, म्हणजे मुकादम, पोरीला घेऊन आला होता. पोरीला शिंका, नाक गळतंय, अंग कोमट. "बाई, सुई टोचा की. खाडा करून आलोय," म्हणाला. तू तिचे कान, घसा, छाती सगळं बघितलंस, त्याला बसवून घेतलंस आणि म्हणालीस, "सर्दी आहे. सुईनं लवकर जाणार नाही, नुसती पोरगी रडेल." तो कुरकुरत गेला. त्याच्या मागे करकंबचा एक शेतकरी होता. त्याचीही पोरगीच. तो बाजाराला आला होता, पायाला खिळा लागला म्हणून स्वतःला दाखवायला आला होता. पोरगी नुसती सोबत होती. ती थुंकी गिळताना तोंड वाकडं करते हे तू बघितलंस. त्याचा पाय सिस्टरकडे सोपवून तू बॅटरीने तिचा घसा बघितलास.

"तिला काय न्हाय झालं, बाई. घसा धरलाय जरा," तो म्हणाला.

तू हातावर आधी थोडं टोचून बघितलंस, चालतंय याची खात्री करून पेनिसिलिन दिलंस, तिला बाकावर बसवून ठेवलंस. मग त्याला गोळ्या समजावल्यास. तो म्हणाला, "घसा थांबला की बंद करू न्हवं?" तू त्याच्याच बोलीत गेलीस, "न्हाय. थांबला तरी संपस्तवर द्यायच्या. घसा बरा करायला न्हाय देत मी ह्या. तिच्या काळजासाठी देतेय." त्याला ते कळलं नसावं, पण तुझ्या आवाजाने तो घाबरला आणि मान हलवली. मग तू त्या मुलीच्या छातीला नळी लावलीस. तुझा चेहरा मला दिसत नव्हता. नळी मात्र तू बराच वेळ काढली नाहीस.

नरसय्यांबद्दल लिहावं की नाही, यापाशी मी अडलो होतो. पण तू स्वतः ते कधी कुणापासून लपवलं नाहीस.

नरसय्या म्हातारे विणकर होते. खोकला आणि ताप म्हणून आले, तू तपासलंस, औषधाची गरज नाही म्हणून गरम पाणी आणि विश्रांती सांगून परत पाठवलंस. दोन-तीन दिवसांनी त्यांना खाटेवर घालून आणलं तेव्हा ओठ निळे पडले होते. न्यूमोनिया. मग तू होतं नव्हतं ते सगळं दिलंस. ते वाचले नाहीत.

त्या संध्याकाळी मी तुझ्याकडे आलो. चूल पेटलेली नव्हती. मी समजुतीने म्हणालो, "आता तरी सगळ्यांना देऊन टाकत जा, अक्का. तुला झोप तरी लागेल."

तू म्हणालीस, "मला झोप लागावी म्हणून त्यांनी औषध घ्यायचं का?" आणि थोड्या वेळाने, "नरसय्यांना द्यायला हवं होतं. त्यांना. सगळ्यांना नाही. ते बसल्या जागी जोरजोरात श्वास घेत होते, मी त्याकडं नीट बघितलं नाही. ही माझी चूक, आणि तिच्यावर कॅप्सूल हे औषध नाही."

तू त्यांच्या घरी जायचं म्हणालीस. मी नको म्हणत होतो, लोक काय बोलतील म्हणून. तरी स्कूटरवरून नेलं. पुढच्याच खोलीत माग होता, त्यावर अर्धी विणलेली चादर तशीच होती. त्यांच्या बायकोने आपल्याला खाली सतरंजी घातली. तू सरळ म्हणालीस, "माझ्या हातून चूक झाली. मला त्याच दिवशी ओळखायला हवं होतं." ती बाई म्हणाली, "तुम्ही बघितलंय, औषध लागत नाही म्हणलाय, म्हणून आम्ही खोकला वाढला तरी घरीच थांबलो. परत या म्हणाला असता तर आलो असतो की, बाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं, असं तू परत येताना म्हणालीस.

मला वाटलं होतं, आता तू घाबरून लिहायला लागशील. माझ्या साहेबांनाही मी तसं सांगून ठेवलं होतं, हे तुला कधी बोललो नाही. तू लिहायला लागली नाहीस. तू एक बाक आणलास. कॅज्युअल्टीच्या व्हरांड्यात तो ठेवून घेतलास आणि ज्याला ज्याला औषध न देता परत पाठवायचीस त्याला सांगायला लागलीस, "उद्या या. बरं वाटलं तरी या. मला बघायचंय." श्वास वाढला, बाळाने पिणं सोडलं, पोर सुस्त पडलं, तर उद्याची वाट न बघता या, हेही त्यांच्याकडून वदवून घ्यायचीस. मोठे डॉक्टर वैतागले. "बाई, ही कॅज्युअल्टी आहे, जत्रा नाही," असं म्हणाले. आणि खरंच जत्राच भरायची. बरे झालेले लोक नुसतं तोंड दाखवायला यायचे. कुणी शेंगाची चटणी आणायचं, कुणी बोरं. दुपारी मी आलो की तू कुणाच्या तरी खणखणीत बऱ्या झालेल्या पोराची जीभ बघत बसलेली असायचीस. पण मधूनच एखादा असा यायचा की त्याच्याकडे बघून तू ताडकन उठायचीस, सिस्टरच्या हातची बाटली घेऊन स्वतः सुई भरायचीस. तेव्हा तुझ्या हातांना जो वेग असायचा तो बघून मी दारातून बाजूला व्हायचो.

माझ्या लेकीला, गिरिजाला ताप आला तेव्हा तिच्या आईने, शैलाने, तुझ्याकडेच आणलं. मी मागून बॅगेसकट धावत आलो. डोळे लाल, अंग भट्टीसारखं. तू तिच्या गालाच्या आत बॅटरी टाकलीस आणि म्हणालीस, "गोवर आहे. उद्यापरवा अंगावर उठेल." मी बॅग उघडायला लागलो तर माझ्या हातावर हात ठेवलास. एवढंच केलंस. शैलासमोर मला बोलली नाहीस. मग रोज घरी येत राहिलीस, तिचे डोळे पुसून काढलेस, पाणी पाजलंस, आमच्या त्या जिन्यावर प्रत्येक पायरीला थांबत चढून आलीस. पुरळ ओसरला आणि गिरिजा कान धरून रडायला लागली. तू कानात बघितलंस आणि माझ्याकडे वळलीस.

"ते सिरप आहे का तुझ्या बॅगेत?"

मी बघतच राहिलो.

"आता लागणार आहे. काढ. आणि तोंड मिट."

माझ्या बॅगेतली एकच बाटली तू आयुष्यात वापरलीस. शैला अजून ते सांगून हसते. म्हणजे तू होतीस तोवर हसायची.

तुझ्यावर माझा राग आहे, अक्का. तो कुठे ठेवू ते कळत नाही. सगळ्या सोलापूरला तू परत या, परत या म्हणत राहिलीस आणि स्वतःच्या डॉक्टरांकडे परत गेली नाहीस. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, झडप उघडायचं ऑपरेशन आत्ता करू, नंतर अवघड होईल. तू म्हणालीस, उन्हाळा जाऊ दे, उन्हाळ्यात जुलाबाची पोरं फार येतात. उन्हाळा गेला तर म्हणालीस, मलेरियाची साथ आहे. पुढे तुला उशाला तीन उशा लागायला लागल्या, पाय सुजले. मी तिकीट काढून आणलं तर ते परत करायला लावलंस. मला वाटायचं तुला काम सुटत नाही. आता वाटतं, तुला भीती वाटत असावी. आम्ही सगळे तुला इतकं धीराचं समजत होतो की भीती वाटते हे तुला म्हणताच आलं नसेल.

शेवटी तू तुझ्याच कॅज्युअल्टीत आडवी झालीस, भर दुपारी, काम करता करता. मी पोचलो तेव्हा तुला बसतं केलं होतं, नाकाला ऑक्सिजन होता. माझा हात धरलास आणि म्हणालीस, "शिवू, भीती वाटतेय रे." मला औषधांची शंभर नावं येतात. त्यातलं एकही सुचलं नाही. मी तुझ्या पायाशी बसलो आणि सुजलेले पाय चेपत राहिलो. लहानपणी तुझे सांधे दुखायचे तेव्हा अव्वा असंच चेपायची म्हणे. तू डोळे मिटलेस. थोडं बरं वाटतंय, असं म्हणालीस. ते माझ्यासाठी म्हणालीस का खरंच वाटलं, ते मला विचारायचं होतं.

नोकरी मी सोडलेली नाही. सोडावी असं तू कधी म्हणालीही नव्हतीस. गिरिजाची शाळा आहे, घर आहे. डॉक्टरांनी विचारलं तर कशावर चालत नाही तेही आता सांगतो. फारसं कुणी विचारत नाही. त्या तरुण डॉक्टरांना मी न विचारता सांगायला हवं होतं का? तू असतीस तर यावर एक अख्खी संध्याकाळ गेली असती.

एक सांगायचं राहिलं. तुला शेतात अप्पांच्या शेजारी माती दिली, विधी आटोपून जंगम निघून गेले, माणसं पांगली. अव्वा ओसरीवर खांबाला टेकून बसली होती. घरात आपण कन्नड बोलतो, पण दवाखान्यातलं काही बोलायचं असलं की ती मराठीवर येते, तुला ठाऊक आहे. मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "शिवू, तू औषधातला हाईस. खरं सांग. तवा तिच्या घशाला सुई मिळाली आस्ती, तर पोरगी जगली आस्ती का?"

मी काही बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, "मी तिला लई येळा इचारलं. ती म्हणायची, न्हाय अव्वा, माझं काळीज जन्मापासनंच तसं हाय, घशाचा काय संबंध न्हाय."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तू तिला हे सांगत आलीस आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस. अंगणात पोती होती तिथे मी बघत राहिलो. मग म्हणालो, "अक्का खरं सांगत होती. जन्मापासूनच होतं ते."

अव्वाने माझ्याकडे बघितलं. सावकाश, नीट, तू पेशंटकडे बघायचीस तसं.

"व्हय," ती म्हणाली. "तुमी दोगं बी लई गुनाची पोरं."

आणि माझं डोकं ओढून तिने आपल्या मांडीवर घेतलं.